चाळीस बाइटांचे नंदुरबार: घरच्या संगणकावर खेळ घडवण्याचा इतिहास

१/
१९८०च्या दशकातील एका घरगुती संगणकाच्या पडद्यावर ‘नंदुरबार’ हे नाव देवनागरीत उमटवायचे असेल, तर पाच आकृत्या हाताने काढाव्या लागत: नं, दु, र, ब आणि काना. प्रत्येक आकृतीला आठ बाइट, म्हणजे एकूण चाळीस. जिल्ह्यातील आणखी चार गावांची नावे लिहून झाली की आकृत्यांची शिदोरी जवळजवळ संपे आणि अक्कलकुव्यासाठी जागाच उरत नसे. घरी बसून संगणकावर खेळ घडवण्याच्या साधनांचा इतिहास सहसा वेग, रंग आणि स्मृती यांच्या आकड्यांत सांगितला जातो. तोच इतिहास अक्कलकुव्याकडून पाहिला तर वेगळा दिसतो. (धागा)

२/
सुरुवात यंत्रापासून. २३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा संगणक बाजारात आणला. १६ किंवा ४८ किलोबाइट स्मृती, पडदा म्हणून घरचा दूरचित्रवाणी संच आणि साठवणीसाठी गाणी ऐकण्याचाच टेपरेकॉर्डर, असा त्याचा संसार होता. १९८४ मध्ये ‘स्पेक्ट्रम प्लस’ ही सुधारित आवृत्ती आली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ती भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. महाराष्ट्राच्या दृष्टीने घरगुती संगणकाच्या इतिहासातील हे पान महत्त्वाचे आहे.

३/
त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारने ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक मिळाले. शाळेतील संगणक आणि घरातील संगणक यांच्यात मात्र मूलभूत फरक होता. शाळेतला संगणक तासिकेपुरता भेटे आणि शिक्षक सांगतील तेवढेच करी. घरातल्या संगणकाशी हट्टाने, चुकतमाकत, पुन:पुन्हा झगडता येई. खेळ घडवण्याची कला अशा मोकळ्या वेळातच वाढते.

४/
आज ‘इन्स्टॉल करणे’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. त्या काळच्या या संगणकांवर असे काही नव्हतेच. हार्ड डिस्क नव्हती, त्यामुळे कोणताही प्रोग्राम संगणकात कायमचा वस्तीला येत नसे. वीज दिली की एका ओळीची स्वामित्वसूचना दिसे आणि संगणक थेट ‘बेसिक’ या भाषेतील आज्ञेची वाट पाहू लागे. चिन्हे नाहीत, दुकान नाही, जाहिरात नाही. वापरणारा हा लिहिणाराच असणार, हे यंत्राने गृहीत धरलेले होते. खेळायचे असले तरी आधी एक आज्ञा लिहावी लागे.

५/
ती आज्ञा म्हणजे ‘लोड’. या संगणकावर एक कळ दाबली की पूर्ण शब्द उमटे. ‘जे’ दाबले की ‘लोड’, पुढे दोन अवतरणचिन्हे, मग ‘एंटर’. त्यानंतर टेपरेकॉर्डर सुरू करायचा. आधी एक लांब, सरळ सूर ऐकू येई आणि पडद्याच्या कडेला तांबड्या व आकाशी पट्ट्या सरकत. प्रोग्रामचे नाव दिसे. मग कर्कश खरखर सुरू होई आणि पट्ट्या निळ्या-पिवळ्या होत. हा गोंगाट म्हणजे ध्वनीच्या रूपात साठवलेले शून्य आणि एक. सेकंदाला सुमारे दीड हजार बिट या गतीने ४८ किलोबाइट भरायला साडेचार मिनिटांच्या आसपास लागत.

६/
ही साडेचार मिनिटे निर्धास्त नसत. आवाज थोडा कमी पडला, टेपचे हेड मळलेले असले किंवा फीत ताणली गेली की शेवटच्या क्षणीही ‘आर टेप लोडिंग एरर’ ही ओळ झळके. मग फीत मागे फिरवायची आणि आवाजाची खुंटी किंचित हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मध्येच वीज गेली तर स्मृतीतले सगळे पुसले जाई. म्हणून स्वतः काही लिहिणारा माणूस ते टेपवर साठवी आणि ‘व्हेरिफाय’ ही आज्ञा देऊन साठवण बरोबर झाली की नाही हे तपासून घेई. प्रोग्राम पहिल्यांदा उघडणे आणि शंभराव्यांदा उघडणे यांत काहीच फरक नसे. प्रत्येक वेळ पहिलीच.

७/
अशाच एका कॅसेटवर १९८३ च्या अखेरीस वेल्समधील गिलसॉफ्ट या छोट्या कंपनीने ‘द क्विल’ हा प्रोग्राम विकायला काढला. लेखक ग्रॅम यांडल. प्रेरणा होती १९८० च्या ‘प्रॅक्टिकल कम्प्युटिंग’ मासिकातील केन रीड यांच्या लेखाची. हा स्वतः खेळ नव्हता. तो खेळ घडवण्याचा साचा होता. शब्दांतून चालणारे साहसखेळ, ज्यांत पडदा ठिकाणाचे वर्णन सांगतो आणि खेळाडू ‘उत्तरेकडे जा’, ‘दिवा घे’ अशा आज्ञा टंकतो, ते प्रोग्रामिंग न शिकता यातून रचता येत.

८/
‘क्विल’ उघडला की समोर एक यादी येई: शब्दसंग्रह, ठिकाणांची वर्णने, वस्तू, निरोप, हालचालींचा तक्ता, घटनांचा तक्ता. कोऱ्या वहीची धास्ती त्या यादीमुळे नाहीशी होई. आधी दोन ठिकाणे लिहायची, मग एकातून दुसऱ्यात जाण्याची दिशा तक्त्यात भरायची आणि लगेच खेळ चालवून पाहायचा. तयार झालेला खेळ स्वतंत्रपणे टेपवर साठवता येई आणि विकताही येई. गिलसॉफ्टची अपेक्षा एवढीच, की ‘क्विल’चा नामोल्लेख व्हावा. ब्रिटनमध्ये या साच्यातून शेकडो खेळ निघाले आणि त्यांतील कित्येक घरी बसून लिहिणाऱ्या हौशी मंडळींचे होते.

९/
येथे पहिला अडथळा दिसतो. ‘क्विल’ कोणत्याही शब्दाची फक्त पहिली चार अक्षरे ओळखे. इंग्रजीला ते पुरे होते. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिला तर चार अक्षरांत जेमतेम दोन उच्चार बसतात. ‘तोरणमाळ’ आणि ‘तोरण’ या दोन शब्दांची रोमन चौकडी एकच होते. संगणकाच्या लेखी सातपुड्यातील पठार आणि दारावरचे तोरण यांत भेद उरत नाही. साचा उत्तम होता; तो एका भाषेच्या मापाने बेतलेला होता, इतकेच.

१०/
मग देवनागरी का नाही? स्पेक्ट्रमने त्यासाठी एक खिडकी उघडी ठेवली होती. वापरणाऱ्याला स्वतःच्या २१ आकृत्या घडवता येत. प्रत्येक आकृती आठ चौकटी रुंद आणि आठ चौकटी उंच. प्रत्येक ओळीला एक बाइट. वहीच्या चौकटीच्या कागदावर अक्षर रंगवायचे, काळ्या चौकटीला एक आणि कोऱ्या चौकटीला शून्य मानायचे आणि ते आकडे ‘बेसिक’मधून स्मृतीत भरायचे. देवनागरीसाठी वरची ओळ मात्रेला व अनुस्वाराला, दुसरी शिरोरेषेला, तळाची उकाराला असे धरले, तर अक्षराच्या अंगासाठी पाच ओळी उरतात. दाटीवाटी होते, पण वाचता येते.

११/
आता हिशेब मांडू. ‘नंदुरबार’ला पाच आकृत्या लागल्या. ‘तोरणमाळ’साठी र आणि काना आधीच हाताशी आहेत, त, ओकाराचा काना, ण, म, ळ या पाच नव्या. झाल्या दहा. ‘प्रकाशा’ला प्र, क, श: तेरा. ‘सारंगखेडा’ला स, रं, ग, खे, ड: अठरा. ‘शहादा’ला ह आणि द: वीस. शिल्लक एक. ‘अक्कलकुवा’ला मात्र अ, क्क, ल, कु, व अशा पाच हव्यात. एका जिल्ह्यातील सहा ठिकाणांची नावेही या संगणकात एका वेळी मावत नाहीत. मग ठिकाणांची वर्णने तर दूरच.

१२/
वाट अगदीच बंद नव्हती. संगणकाची संपूर्ण अक्षरमाला जेथे ठेवलेली असते तो पत्ता बदलून तिच्या जागी स्वतःची ९६ आकृत्यांची माला बसवता येई. ७६८ बाइटांत देवनागरी उभी राही. किंमत मात्र विचित्र होती. ‘ए’ची कळ दाबली की मराठी अक्षर दिसे, पण संगणकाच्या मनात ते ‘ए’च राही. शिवाय प्रोग्रामचा मजकूर पडद्यावर आणला की इंग्रजी आज्ञाही त्याच देवनागरी मुखवट्यात दिसत आणि वाचणाऱ्याला काहीच कळेनासे होई.

१३/
हा मुद्दा येथे थांबून समजून घेण्याजोगा आहे. वरच्या हिशेबात ‘र’ आणि ‘रं’ यांना दोन वेगळ्या जागा द्याव्या लागल्या. मराठी वाचकाला ते एकच अक्षर आणि त्यावरचा अनुस्वार आहे. संगणकाला त्या दोन अनोळखी खुणा आहेत. ‘क’ आणि ‘क्क’ यांचेही तसेच. म्हणजे संगणकाकडे मराठीची चित्रे होती, मराठीची अक्षरे नव्हती. आणि शब्द ओळखणे, जुळवणे, शोधणे यांवरच शब्दांचा खेळ चालतो. चित्रे दाखवण्यापुरती पुरतात. खेळाडूने टंकलेले समजून घ्यायला अक्षरेच लागतात.

१४/
अक्षरांचे काम त्याच दशकात दुसरीकडे चालू होते. कानपूरच्या आयआयटीमध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि ‘जिस्ट’चे काम तेथे आले. संगणकात बसवायचे ‘जिस्ट कार्ड’ त्यातूनच निघाले. ‘इस्की’ या मानकाने प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला स्वतःचा क्रमांक दिला. १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात ‘नंदुरबार’ म्हणजे न, अनुस्वार, द, उकार, र, ब, काना, र असे आठ क्रमांक. चाळीस बाइटांचे चित्र आठ बाइटांचा शब्द झाले.

१५/
१९९१ मध्येच ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’वर बेतलेली होती. म्हणजे आज जगभरच्या फोनवर मराठी ज्या क्रमांकांनी धावते, त्यांचे मूळ या भारतीय प्रयत्नात आहे. तरी त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे मराठी संगणकांवर जुना मुखवटाच चालू राहिला. ‘शिवाजी’, ‘किरण’ अशा फाँटांत दिसायला देवनागरी होती, पण आत रोमन अक्षरेच दडलेली. फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक रोमन चिन्हांची रास. स्पेक्ट्रमवरची युक्तीच ही, फक्त आकाराने मोठी.

१६/
दरम्यान घरगुती संगणकाचे रूप बदलले. हार्ड डिस्क आली आणि तिच्यासोबत ‘इन्स्टॉल करणे’ ही क्रिया. नोव्हेंबर १९९९ मध्ये नेदरलँड्समधील प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी ‘अ‍ॅनिमो’ नावाने एक प्रोग्राम प्रसिद्ध केला. तोच पुढे ‘गेम मेकर’ झाला. चित्रे निवडायची, कृतींची चिन्हे ओढून यादीत सोडायची आणि खेळ चालवायचा, अशी त्याची रीत. असे प्रोग्राम भारतात संगणक मासिकांसोबतच्या सीडीवरून किंवा सायबर कॅफेतून घरी येत. सेटअपवर दोनदा क्लिक, न वाचलेल्या करारनाम्याला होकार, ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’, ‘फिनिश’. टेपचा गोंगाट गेला आणि त्या जागी न बोलता सरकणारी निळी पट्टी आली.

१७/
पण मराठीची परीक्षा तशीच राहिली. ‘विंडोज एक्सपी’मध्ये देवनागरी नीट दिसावी यासाठी प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन ‘गुंतागुंतीच्या लिप्यां’च्या चौकटीवर खूण करावी लागे आणि मग संगणक मूळ विंडोजची सीडी मागे. ज्या घरात ती सीडी नसे तेथे काम अडे. इंग्रजीत लिहिणाऱ्यासाठी खेळ घडवण्याचा प्रोग्राम एका इन्स्टॉलमध्ये तयार. मराठीत लिहिणाऱ्यासाठी त्याआधी स्वतःची लिपीच इन्स्टॉल करण्याची पायरी. २००७ मध्ये घरोघरच्या ग्राहकांसाठी आलेल्या ‘व्हिस्टा’पासून ही पायरी नाहीशी झाली.

१८/
त्याच वर्षी दोन घटना घडल्या. अमेरिकेतील एमआयटीने ‘स्क्रॅच’ हे मुलांसाठीचे खेळ-निर्मितीचे साधन जगासाठी खुले केले. आणि रायगड जिल्ह्यातील खैरात धनगरवाडा या वस्तीच्या लहानशा मराठी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर ‘ईटॉइज’ आणि ‘टर्टल आर्ट’ ही घडवण्याची साधने आधीपासूनच बसवलेली असत. एवढेच नव्हे, तर चालू असलेल्या कृतीचा मूळ मजकूर पाहण्यासाठी कळफलकावर एक खास कळ होती. वापरणारा हा लिहिणाराही असू शकतो, हे स्पेक्ट्रमचे गृहीतक पंचवीस वर्षांनी महाराष्ट्रातील एका वाडीत परतले.

१९/
आता नंदुरबार. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. स्पेक्ट्रमच्या काळात तो नकाशावर स्वतंत्रपणे नव्हताच. देशाच्या संगणक-इतिहासात त्याचे नाव ठळकपणे येते ते २९ सप्टेंबर २०१० रोजी. त्या दिवशी टेंभली गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. दहा बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि बारा अंकी क्रमांक.

२०/
या घटनेचे प्रशासकीय महत्त्व मोठे आहे. पण या धाग्याच्या दृष्टीने तिची एक बाजू लक्षात घ्यावी. टेंभलीत संगणक आला तो माणसाची नोंद घेण्यासाठी. माणूस समोर उभा राहतो, यंत्र विचारते, माणूस उत्तर देतो. खेळ घडवण्याचे साधन हे नाते उलटवते: तेथे माणूस नियम ठरवतो आणि यंत्राला ते पाळावे लागतात. एकाच यंत्राची ही दोन रूपे आहेत. कोणत्या समाजाला त्यातले कोणते रूप आधी भेटते, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

२१/
दुसरे रूप भेटण्याची शक्यता ‘गोडो’सारख्या साधनांनी वाढवली. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्सूर यांनी घडवलेले हे खेळ-इंजिन २०१४ मध्ये मुक्त परवान्याने खुले झाले. पैसे नाहीत, नोंदणीची सक्ती नाही. गंमत म्हणजे येथे ‘इन्स्टॉल’ ही पायरी पुन्हा गळून पडते. एक संकुचित फाइल उतरवायची, उलगडायची आणि दोनदा क्लिक करायचे. प्रकल्पांची रिकामी यादी उघडते आणि ‘नवा प्रकल्प’ असे विचारते. ती फाइल पेनड्राइव्हवरून एका घरातून दुसऱ्या घरात नेता येते, पूर्वी कॅसेट नेत असत तशी.

२२/
तरीही परीक्षा संपली नव्हती. समजा, ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झालेल्या शाळकरी शिरीषकुमारांवर कोणी खेळ करायला घेतला. ‘गोडो’च्या तिसऱ्या मालिकेत संवादाच्या चौकटीत ‘शिरीषकुमार’ लिहिले, की पहिली वेलांटी ‘श’च्या आधी न बसता नंतर उमटे. ‘अक्कलकुवा’मधला जोडाक्षराचा ‘क्क’ सुटून पाय मोडलेला क आणि पुढे दुसरा क असा दिसे. क्रमांक बरोबर होते, अक्षरे आत शाबूत होती. पण ती देवनागरीच्या रीतीने जुळवून दाखवण्याची सोय इंजिनात नव्हती. १९८०च्या दशकात चित्र होते, अक्षर नव्हते. आता अक्षर होते, चित्र बिघडलेले.

२३/
मार्च २०२३ मध्ये ‘गोडो ४.०’ प्रसिद्ध झाले. त्यात मजकूर मांडण्याची यंत्रणा नव्याने लिहिली गेली आणि ‘हार्फबझ’ या मुक्त ग्रंथालयाच्या आधारे जोडाक्षरे, वेलांट्या, रफार योग्य जागी बसू लागले. अरबी, बंगाली, तमिळ यांसारख्या लिप्यांनाही त्याचा लाभ झाला. स्पेक्ट्रमपासून मोजले तर घरच्या संगणकावरील खेळ-साधनांत देवनागरीने जवळपास चार दशके अशा एकेका अडथळ्याशी झुंज दिली. नवे इंजिन पहिल्यांदा उघडणारा विद्यार्थी पहिल्याच चौकटीत स्वतःचे नाव शुद्ध लिहू शकतो, यामागे कानपूर, पुणे आणि जगभरच्या अनेक स्वयंसेवकांचे श्रम आहेत.

२४/
नंदुरबारच्या संदर्भात हे केवळ मराठीपुरते नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिली, पावरी, मावची, अहिराणी या येथील बोली लिहायच्या झाल्या तर त्या बहुधा देवनागरीतच लिहिल्या जातात. ज्या भाषांत छापील पुस्तके थोडी आणि तोंडी कथा विपुल, त्यांना ठिकाणे, वस्तू, निवडी आणि परिणाम यांवर उभा राहणारा शब्दखेळ हा कथनाचा अगदी जवळचा प्रकार आहे. ‘क्विल’ची ती यादी येथेही तशीच उपयोगी पडेल: आधी ठिकाणे, मग वाटा, मग त्या वाटेवर काय घडते ते.

२५/
अर्थात सगळे साधले असे नाही. ‘गोडो’मधील आज्ञांचे शब्द आजही इंग्रजीच आहेत, जसे ‘बेसिक’मध्ये होते. हातात फोन असलेल्या घरांत टेबलावर संगणक असेलच असे नाही, आणि फोन हे मुख्यतः वापरण्याचे यंत्र आहे, लिहिण्याचे नव्हे. पण १९८०च्या दशकातील २१ आकृत्यांचा तो हिशेब आज पुन्हा मांडून पाहावा: नंदुरबार, तोरणमाळ, प्रकाशा, सारंगखेडा, शहादा आणि अक्कलकुवा. सहाही नावे एका खेळात, एका पडद्यावर, शुद्ध अक्षरांत मावतात. धडगाव, तळोदा आणि नवापूर यांच्यासाठीही जागा आहे.